खाते बंद करण्याचा अधिकार आणि खेळाडूची दाद

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत २० आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी संमत झाले आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतर काही दिवसांतच फँटसी क्रिकेट, रमी, पोकर असे पैसे लावून खेळावयाचे खेळ चालविणाऱ्या देशातील प्रमुख कंपन्यांनी हे खेळ थांबविले. ड्रीम इलेव्हन या कंपनीचे भारतीय क्रिकेट संघाचे प्रायोजकत्वही संपुष्टात आले. अशा खेळांत सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज हे विधेयक मांडताना सरकारने व्यक्त केला होता. एवढ्या मोठ्या संख्येने लोकांच्या खात्यांवरील व्यवहार एकाच वेळी थांबण्याचा हा देशातील पहिलाच मोठा प्रसंग म्हणता येईल.

हे व्यवहार कायद्यामुळे थांबले आणि त्याचे कारण सर्वांना ठाऊक होते. परंतु ऑनलाइन खेळांच्या जगात एकेका खेळाडूचे खाते बंद होणे ही नित्याची बाब आहे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांत ती होती आणि बुद्धिबळापासून युद्धखेळांपर्यंत ज्या खेळांना कायद्याची आडकाठी नाही, त्यांत ती आजही आहे. 'आपले खाते नियमभंगामुळे बंद करण्यात आले आहे' एवढा त्रोटक संदेश येतो. कोणता नियम, केव्हा आणि कसा मोडला, याचा खुलासा त्यात बहुधा नसतो. कंपन्या खाती का बंद करतात आणि बंद झालेल्या खात्याच्या धन्याला दाद कोठे मागता येते, हे दोन्ही प्रश्न म्हणूनच एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

वय, ओळख आणि ठिकाण

खाते बंद होण्याच्या कारणांचा पहिला गट कायद्यातूनच आलेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास पात्र नसते आणि तिने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे अठरा वर्षांखालील मुलाने वडिलांच्या मोबाइलवरून वा कागदपत्रांवर उघडलेले खाते लक्षात येताच बंद करणे कंपनीला भाग पडते.

दुसरा मुद्दा ओळखीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर ३० टक्के दराने उद्गम करकपात लागू झाली. ही कपात करावयाची तर खेळाडूचा पॅन क्रमांक हवा. त्याच महिन्यात माहिती तंत्रज्ञान नियमांत झालेल्या दुरुस्तीने, पैसे स्वीकारण्यापूर्वी खेळाडूच्या ओळखीची पडताळणी करण्याचे बंधन घातले. पॅनवरील नाव, बँक खात्यावरील नाव आणि नोंदणीचे नाव यांत तफावत आढळली की खाते गोठविले जाई. यात लबाडी करणारे सापडत. तसेच लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियाही अडकू शकत. आडनाव आधी लिहावे की नंतर, या फरकामुळेही अडचण येऊ शके.

तिसरा मुद्दा ठिकाणाचा. सट्टा व जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याचा नियम निराळा राहिला. तेलंगणने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये पैसे लावून खेळण्यास बंदी केली. कर्नाटकाने २०२१ मध्ये केलेली दुरुस्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. तमिळनाडूने २०२५ च्या प्रारंभी आधारद्वारे पडताळणी सक्तीची केली आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात पैशांचे खेळ बंद ठेवण्याचा नियम केला. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो वैध ठरविला. याचा परिणाम असा की पुण्यात नियमानुसार खेळणारी व्यक्ती नोकरीनिमित्त हैदराबादला गेली, तर तेच खाते तेथे नियमबाह्य ठरत असे. ठिकाण लपविण्यासाठी व्हीपीएन वापरल्याचा नुसता संशयही खाते बंद करण्यास पुरेसा होई.

रडीचा डाव

कारणांचा दुसरा गट खेळातील लबाडीचा आहे. एकाच माणसाने अनेक नावांनी खाती उघडून नव्या खेळाडूंना मिळणारा बोनस पुनःपुन्हा लाटणे, पोकरच्या एकाच टेबलावर दोघा-तिघांनी संगनमत करून तिसऱ्याला लुबाडणे, स्वतः खेळण्याऐवजी 'बॉट' म्हणजे आपोआप चाल खेळणारा प्रोग्राम बसविणे, चोरीच्या कार्डावरून पैसे भरून ते जिंकीच्या रूपाने दुसऱ्या खात्यात वळते करणे, हे त्यातील प्रमुख प्रकार होत. युद्धखेळांत भिंतीपलीकडचा प्रतिस्पर्धी दाखविणारे किंवा नेम आपोआप साधणारे प्रोग्राम वापरले जातात. अशी खाती बंद केली नाहीत तर प्रामाणिक खेळाडू खेळ सोडून जातात. तेव्हा लबाडांची खाती बंद करणे हे कंपनीच्या हिताचे आहेच, शिवाय इतर खेळाडूंप्रती ते तिचे कर्तव्यही आहे.

भारतीयांच्या स्मरणातील एक प्रकरण बुद्धिबळाचे आहे. कोविड मदतनिधीसाठी १३ जून २०२१ रोजी झालेल्या ऑनलाइन सामन्यांत पाच वेळचे विश्वविजेते विश्वनाथन आनंद यांना उद्योजक निखिल कामत यांनी हरविले. चालींची अचूकता पाहून शंका उपस्थित झाली आणि कामत यांनी आपण इतरांची व संगणकाची मदत घेतल्याचे मान्य केले. 'चेस डॉट कॉम'ने त्यांचे खाते बंद केले. मात्र सामना मानांकनासाठी नव्हता आणि प्रकरण पुढे नेण्याची आनंद यांची इच्छा नव्हती, म्हणून ते थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू करण्यात आले. येथे वस्तुस्थितीबद्दल वाद नव्हता. तरीही खाते बंद करण्याचा आणि पुन्हा उघडण्याचा, असे दोन्ही निर्णय कंपनीच्याच हाती होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जेथे कबुली नसते तेथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकी ग्रँडमास्टर हान्स नीमन यांनी मॅग्नस कार्लसन यांना समोरासमोरच्या स्पर्धेत हरविले आणि कार्लसन स्पर्धेतून बाहेर पडले. याच सुमारास 'चेस डॉट कॉम'ने नीमन यांचे खाते बंद केले. बाराव्या आणि सोळाव्या वर्षी आपण ऑनलाइन लबाडी केली होती, असे नीमन यांनी सांगितले. कंपनीने मात्र ऑक्टोबरमध्ये ७२ पानांचा अहवाल प्रसिद्ध करून शंभरहून अधिक ऑनलाइन डावांत त्यांनी बहुधा लबाडी केली असावी, असे म्हटले. नीमन यांनी १० कोटी डॉलरचा दावा लावला. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यातील मुख्य भाग फेटाळला, ऑगस्टमध्ये उभयपक्षी तडजोड झाली आणि खाते पुन्हा सुरू झाले. एवढे प्रसिद्ध नाव आणि वकिलांची फौज पाठीशी असलेल्या खेळाडूलाही खाते परत मिळण्यास सुमारे वर्ष लागले. सामान्य खेळाडूची स्थिती काय असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

संशय आणि पुरावा

लबाडी शोधण्याचे काम आज बहुतांशी संगणकच करतो. एकाच मोबाइलवरून किंवा एकाच वाय-फाय जोडणीवरून किती खाती चालतात, दोन खेळाडू वारंवार एकाच टेबलावर येतात काय, चाली ठरावीक अंतराने पडतात काय, अशा खुणा जुळवून संशयाचे गणित मांडले जाते. हे गणित शक्यतेचे असते. वसतिगृहातील एकाच जोडणीवरून दहा विद्यार्थी खेळत असतील किंवा एकाच घरातील दोघे भाऊ एकच मोबाइल वापरत असतील, तर संगणकाच्या लेखी ते एकच असू शकतात. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते येथे.

अशी चूक मोठ्या प्रमाणावरही घडू शकते. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने २००२ पासून लबाडी हुडकणारी यंत्रणा वापरात आणली आहे. जुलै २०१० मध्ये या यंत्रणेने 'मॉडर्न वॉरफेअर २' या खेळाच्या सुमारे १२ हजार खेळाडूंवर चुकीने बंदी घातली. कंपनीने चूक मान्य करून बंदी उठविली, क्षमा मागितली आणि त्या खेळाडूंना दुसरा एक खेळ विनामूल्य दिला. हजारो खेळाडूंना एकाच वेळी फटका बसला म्हणून ही चूक लवकर उघडकीस आली. एकट्यादुकट्याच्या बाबतीत झालेली चूक तशी उघड होईलच असे नाही.

आपली तपासपद्धती उघड केली तर लबाड लोक त्यातून पळवाट काढतील, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो आणि त्यात तथ्य आहे. परंतु तपास कसा केला हे न सांगताही आरोप काय आहे हे सांगता येते. अमुक तारखेच्या अमुक डावांत बाहेरील मदत घेतल्याचा संशय आहे, एवढे कळविले तरी खेळाडूला आपली बाजू मांडता येईल. आरोपच ठाऊक नसेल तर उत्तर कशाचे द्यावयाचे?

जिंकणाऱ्याचे खाते

कारणांच्या तिसऱ्या गटात कंपनीचे आर्थिक हित गुंतलेले असते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात सट्टा कायदेशीर आहे. तेथील सट्टा-कंपन्या सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकांची खाती बंद करतात किंवा त्यांना अगदी किरकोळ रकमेपलीकडे पैज लावू देत नाहीत, हे सर्वज्ञात आहे. त्या ग्राहकाने कोणताही नियम मोडलेला नसतो. पैज स्वीकारणे न स्वीकारणे हा व्यापाऱ्याचा अधिकार आहे, एवढेच त्यामागील तत्त्व असते. याविरुद्धच्या तक्रारींमुळे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींपुरता असा नियम केला की, ठरावीक रकमेपर्यंतची पैज सट्टेवाल्यांना नाकारता येणार नाही.

याच्या नेमकी उलट बाजूही आहे. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'गॅमस्टॉप' या योजनेत खेळाडू स्वतःच आपले नाव नोंदवून सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारे स्वतःसाठी बंद करून घेऊ शकतो. मार्च २०२० पासून या योजनेत सामील होणे कंपन्यांना सक्तीचे करण्यात आले. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या माणसासाठी खाते बंद होणे हा आधार असतो. जिंकणाऱ्याचे खाते तत्परतेने बंद करणारी कंपनी हरणाऱ्याचे खाते बंद करण्यास तेवढी तत्पर असेल, असे मानता येत नाही. म्हणूनच तेथे हा निर्णय कंपनीच्या मर्जीवर न सोडता नियमाने बांधण्यात आला.

खात्यातील पैशाचे काय?

खाते बंद होण्याने केवळ खेळ थांबत असता, तर प्रश्न एवढा गंभीर झाला नसता. त्या खात्यात खेळाडूची रक्कम असते. तिचे तीन भाग पडतात: त्याने स्वतः भरलेली ठेव, त्याने जिंकलेली रक्कम आणि कंपनीने दिलेला बोनस. बोनस काढून घेण्यावर सर्वत्रच बंधने असतात. लबाडीने जिंकलेली रक्कम रोखणेही समजण्यासारखे आहे. परंतु खेळाडूने स्वतःच्या बँक खात्यातून भरलेली ठेव जप्त करण्यास सबळ आधार हवा. अनेक कंपन्यांच्या अटींत या तिन्हींना एकच मोजमाप लावून 'खात्यातील शिल्लक जप्त करण्याचा अधिकार' राखून ठेवलेला आढळतो.

ठेवीची सुरक्षितता किती महत्त्वाची आहे, याचा धडा अमेरिकेने २०११ मध्ये घेतला. १५ एप्रिल २०११ रोजी तेथील न्याय विभागाने पोकरस्टार्स, फुल टिल्ट पोकर आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या तीन प्रमुख कंपन्यांवर कारवाई केली. पोकरस्टार्सने खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवले होते, त्यामुळे अमेरिकी खेळाडूंना ते काही आठवड्यांत परत मिळाले. फुल टिल्टकडे मात्र जगभरातील खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि ३१ मार्च २०११ रोजी बँकेत जेमतेम ६ कोटी डॉलर होते, असे सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितले. जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सने सरकारशी ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करून फुल टिल्ट ताब्यात घेतली, तेव्हा कोठे खेळाडूंना पैसे मिळण्याचा मार्ग खुला झाला. तरीही फुल टिल्टच्या अमेरिकी खेळाडूंना परतफेडीचा पहिला हप्ता मिळण्यास २०१४ साल उजाडले.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये बहुतेक मोठ्या कंपन्यांनी नवी रक्कम स्वीकारणे थांबविले आणि शिल्लक रक्कम काढून घेता येईल, असे जाहीर केले. तथापि बंदीनंतरही खेळाडूंचे कोट्यवधी रुपये परत न केल्याचा आरोप सक्तवसुली संचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एका कंपनीवर ठेवला. पडताळणी अपुरी राहिल्याने ज्यांची खाती आधीच गोठविलेली होती, त्यांची अडचण तर दुहेरी होती: पैसे काढण्यासाठी पडताळणी आवश्यक आणि खाते गोठविल्यामुळे पडताळणी अशक्य.

पैसे न लावता खेळावयाच्या खेळांतही खेळाडू खर्च करतो. पात्रांचे पोशाख, शस्त्रे, खेळातील नाणी यांसाठी शेकडो रुपये मोजले जातात. खाते बंद होताच हे सारे जाते, कारण अटींनुसार खेळाडूने वस्तू विकत घेतलेली नसते. त्याला केवळ वापराचा परवाना मिळालेला असतो. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून, ही विक्री नसून परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगणे जानेवारी २०२५ पासून बंधनकारक केले.

दाद कोठे?

भारतीय कायद्यात या विषयावर बराच खल झाला आहे, पण तो एका निराळ्या प्रश्नावर. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हाच वादाचा मुख्य मुद्दा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, मुंबईशी निगडित बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यांत जुगार आणि कौशल्याच्या स्पर्धा यांतील भेद स्पष्ट केला आणि १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. २०२५ च्या कायद्याने हा भेद बाजूला ठेवून, पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ सरसकट निषिद्ध केले. त्याला उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि त्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. या कायद्यात खेळाडूला शिक्षेची तरतूद नाही. शिक्षा आहे ती खेळ चालविणारे, त्यांची जाहिरात करणारे आणि पैशाचे व्यवहार पुरविणारे यांना.

खेळाडू आणि कंपनी यांच्यातील वादासाठी मात्र अन्य कायद्यांकडे वळावे लागते. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार मध्यस्थ कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमून ठरावीक मुदतीत तक्रारीचा निकाल लावावा लागतो आणि त्या निर्णयाने समाधान न झाल्यास, ऑक्टोबर २०२२ मधील दुरुस्तीने आणलेल्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अधिक उपयोगी आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपुष्टात आणण्याचा अधिकार देणारी अट 'अनुचित करारा'त मोडते, असे त्या कायद्याची व्याख्याच सांगते. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. ती ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. प्राथमिक मदतीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे.

या मार्गांत खाचखळगे आहेत. पूर्णतः विनामूल्य सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे एक पैसाही खर्च न करता वर्षानुवर्षे खेळलेल्या खेळाडूला तेथे जागा नाही. पैजेचा करार निरर्थक असतो, असे करार कायद्याचे कलम ३० सांगते. म्हणून वादातील खेळ जुगार ठरला तर जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करणे जवळपास अशक्य होते. शिवाय कंपनीचे कार्यालय परदेशात असेल आणि वाद तेथील न्यायालयात सोडविण्याची अट असेल, तर दोन-चार हजार रुपयांसाठी कोणी तेथवर जाणार नाही, हे कंपनीलाही ठाऊक असते.

खाती बंद करण्याचा कंपन्यांचा अधिकार काढून घ्यावा, असे यावरून कोणी म्हणणार नाही. त्या अधिकाराशिवाय मुलांचे रक्षण होणार नाही आणि लबाडांना आळाही बसणार नाही. अडचण आहे ती आरोप करणारा, निकाल देणारा आणि जप्त रकमेचा लाभ घेणारा एकच असण्याची. नव्या कायद्यात प्राधिकरण नेमण्याची आणि खेळाडूंच्या हिताला बाधक बाबींविषयीच्या तक्रारींची दखल घेण्याची तरतूद आहे. ई-स्पर्धा आणि मनोरंजनाचे खेळ यांना हा कायदा प्रोत्साहन देऊ इच्छितो. तेथे खेळाडूंची संख्या वाढेल, तशी बंद खात्यांची संख्याही वाढेल. कारण लेखी कळविणे, ठरावीक मुदतीत माणसाकडून फेरतपासणी करणे आणि वाद मिटेपर्यंत खेळाडूची स्वतःची ठेव अलग व सुरक्षित ठेवणे, या तीन गोष्टी नियमांनी बंधनकारक केल्या तर प्रामाणिक कंपनीचे त्यात काहीच बिघडणार नाही. निर्दोष खेळाडूला मात्र आपली बाजू मांडण्याची संधी मिळेल.